घरचें आरोग्य : पायाची नाडी

वडील माणसांच्या पायांवर डोकें ठेवण्याची चाल आपल्या घरांतून अद्याप नाहींशी झालेली नाहीं, ही समाधानाची गोष्ट होय. परीक्षेस निघालेला मुलगा, माहेराहून परत आलेली सून, परदेशांतून चार वर्षांनीं आलेला नातू हे सारे घरांतील वृद्धांस नमस्कार केल्यावांचून राहत नाहींत. परंतु आज आम्ही वाचकांपुढें एक साधा प्रश्न ठेवूं इच्छितों. ज्या पायांना आपण वर्षांतून दहा वेळां हात लावतों, ते पाय आपण कधीं पाहिले आहेत काय? त्यांतील एक दुसऱ्याहून थंड आहे काय, बोटांचा रंग पालटला आहे काय, टांचेची भेग किती दिवस तशीच आहे, हें घरांतील किती जणांस सांगतां येईल? वडिलांच्या चष्म्याचा नंबर व कवळीचा खर्च सर्वांस ठाऊक असतो. पायांची वास्तपुस्त मात्र कोणी करीत नाहीं, आणि वडील मंडळी तर स्वतःच्या पायांविषयीं बोलणें कमीपणाचें मानतात.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका स्नेह्यांच्या घरीं घडलेल्या हकीकतीमुळें. त्यांच्या वडिलांना घरांतील मोठीं माणसें तात्या म्हणतात. वय ७४, मधुमेह वीस वर्षांचा, तरुणपणीं जडलेली सिगारेटची संवय साठीनंतर सुटलेली. पाडव्याच्या सकाळीं धाकटी नातसून नमस्कारास वांकली आणि उठतां उठतां म्हणाली, "आजोबा, तुमचें उजवें पाऊल किती गार आहे हो! डावें तर चांगलें ऊन आहे." तात्या हंसून म्हणाले, "अग, थंडी पडूं लागली आतां. म्हाताऱ्याचे पाय गारच असायचे." सासूबाईंनीं लोकरीचे मोजे आणून दिले आणि विषय तेथेंच संपला. थंडी पडली म्हणजे ती दोन्ही पायांना सारखीच पडते, हा विचार त्या भरल्या घरांत कोणासही सुचला नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्ही तेथें असतों तर आम्हांसही सुचला नसता. पौर्णिमेच्या सुमारास नवीन वहाणेनें घांसून उजव्या पायाच्या करंगळीस एक बारीक जखम झाली. ती पंधरा दिवस भरेना, आणि मार्गशीर्षांत करंगळी काळवंडूं लागली.

हें असें कां होतें, तें थोडक्यांत पाहूं. हृदयापासून शुद्ध रक्त नेणाऱ्या ज्या वाहिन्या, त्यांना रोहिणी म्हणतात. वय, तंबाखूचा धूर, मधुमेह, वाढलेला रक्तदाब व रक्तांतील चरबी यांच्यामुळें या रोहिणींच्या आंतून थर बसत जातो आणि वाट अरुंद होते. जुन्या नळांत गाळ सांचून वरच्या मजल्यावर पाणी चढेनासें होतें, त्याच रीतीनें सर्वांत दूर असलेल्या पावलांस रक्ताचा तोटा पडतो. या विकाराची पहिली खूण बहुधा चालतांना मिळते. ठराविक अंतर गेल्यावर पोटरींत गोळा आल्यासारखें दुखूं लागतें, उभें राहिलें कीं कांहीं मिनिटांत थांबतें, आणि पुन्हां तेवढेंच चाललें कीं पुन्हां उठतें. गृहस्थ म्हणतात, वय झालें. आणि रोज देवळापर्यंत जाणारे पारावरूनच माघारें फिरूं लागतात. मधुमेह्यांची गोष्ट याहूनही बिकट असते. त्यांच्या पायांतील ज्ञानतंतु मंद झालेले असल्यामुळें दुखण्याची सूचनाच घरीं पोंचत नाहीं. "दुखत नाहीं, म्हणजे कांहीं नाहीं" हा आपला सर्वमान्य सिद्धांत त्यांच्या बाबतींत उलटा आहे.

तरुणांनींही आपण या चर्चेंतून सुटलों असें समजूं नये. लिओ बर्जर या वैद्यानें १९०८ सालीं ज्याचें सविस्तर वर्णन केलें, तो हातापायांच्या लहान रोहिणी बुजविणारा रोग बहुधा पंचेचाळिशीच्या आंतील तंबाखूसेवकांनाच गांठतो. विडी-सिगारेट पूर्णपणें सोडणें हाच त्यावरील मुख्य उपाय होय.

आपल्याकडे नाडी म्हटली कीं मनुष्य मनगट पुढें करतो. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षेचें जें वर्णन आहे, तेंही हाताच्या अंगठ्याच्या मुळाशीं उडणाऱ्या नाडीचेंच. परंतु पायालाही नाडी आहे, आणि ती दोन ठिकाणीं लागते. एक, आंतल्या बाजूच्या घोट्याच्या मागें. दुसरी, पावलाच्या पाठीवर, अंगठा वर उचलला असतां जी ताठ कंडरा दिसते तिच्या किंचित् बाहेरच्या अंगास. वाचकांनीं हें वाचतां वाचतां स्वतःच्या पायावर बोटें ठेवून पाहावींत. मात्र न लागल्यास घाबरूं नये. पावलावरची नाडी कांहीं निरोगी माणसांतही जन्मतःच हातास लागत नाहीं. पाय सुजला असेल तर दोन्ही लपतात, आणि अननुभवी बोटाला तर पुष्कळदां स्वतःच्याच बोटांतील ठोका रोग्याचा वाटतो. तात्पर्य, बोटांची परीक्षा अवश्य करावी. पण जेथें शंका आहे तेथें ती पुरेशी नाहीं. अशा ठिकाणीं बोटाच्या मदतीस कान येतो, आणि कानाच्या मदतीस श्राव्यातीत ध्वनि.

सोनोग्राफी हा शब्द आतां घरोघर झाला आहे. परंतु तिचा संबंध बहुतेकांच्या मनांत गर्भिणीशीं किंवा पोटदुखीशीं असतो. रक्ताची गति ओळखण्याची जी तिची शाखा, तिचें तत्त्व रेल्वेच्या फलाटावर कळण्यासारखें आहे. लहानशा स्थानकावर आपण उभे असतां न थांबणारी मेलगाडी शिटी देत येते. ती जवळ येत असतां शिटीचा सूर चढा लागतो, आणि आपणांस ओलांडून गेली कीं तोच सूर एकदम उतरतो. शिटी बदललेली नसते. बदललेली असते ती तिची आणि आपली परस्परांशीं असलेली गति. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनीं हें तत्त्व १८४२ सालीं प्राग येथें मांडलें, आणि तेंही आगगाडीसाठीं नव्हे, तर आकाशांतील जोडताऱ्यांच्या रंगांची उपपत्ति लावण्यासाठीं! ताऱ्यांच्या रंगांविषयींचा त्यांचा तर्क पुढें चुकीचा ठरला, परंतु तत्त्व खरें ठरलें. तीन वर्षांनीं, १८४५ मध्यें, हॉलंडांतील बाइस बॅलट या शास्त्रज्ञानें उट्रेख्टजवळ आगगाडीच्या उघड्या डब्यावर तुतारी वाजविणारे बसविले आणि रुळांच्या कडेला सुरांचे जाणते गायक-वादक उभे केले. गाडी येतां-जातां सूर किती चढला व किती उतरला हें त्यांनीं कानानें टिपलें, आणि डॉप्लरचें म्हणणें नादाच्या बाबतींत सिद्ध झालें.

हेंच तत्त्व रक्तास लावण्याचें काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झालें. जपानांत ओसाका येथें शिगेओ सातोमुरा यांनीं १९५० नंतरच्या दशकांत श्राव्यातीत ध्वनि प्रथम हृदयावर व नंतर रक्तवाहिन्यांवर योजून पाहिला. अमेरिकेंत सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत १९६० नंतर या साधनास रुग्णालयांत वापरण्याजोगें रूप मिळालें, आणि यूजीन स्ट्रँडनेस या शस्त्रवैद्यानें तें पायांच्या रोहिणींच्या विकारांसाठीं रूढ केलें.

यंत्राची रचना चमत्कारिक वाटते, पण समजण्यास कठीण नाहीं. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा ध्वनि ऐकूं येतो. पायाच्या परीक्षेसाठीं वापरली जाणारी लेखणीएवढी शलाका सेकंदास सुमारें ८० लक्ष कंपनांचा ध्वनि सोडते. तो कोणासच ऐकूं येत नाहीं. त्वचेंतून आंत जाऊन तो रक्तांतील तांबड्या कणांवर आपटतो व परततो. कण धांवत असल्यामुळें परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या थोडी बदललेली असते. शरीराच्या मांसल भागांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १,५४० मीटर धरतात. रक्त सेकंदास ३० सेंटिमीटर वेगानें वाहत असेल आणि शलाका प्रवाहाशीं ६० अंशांनीं तिरपी धरली असेल, तर हा फरक सुमारें १,५०० कंपनांचा येतो. आणि योगायोग पाहा, एवढीं कंपनें आपल्या कानाच्या आटोक्यांतील आहेत! यंत्र गेलेल्या व आलेल्या ध्वनींतला फरक तेवढा वेगळा काढून ऐकवितें. जें रक्त सत्तर वर्षें मुकाट्यानें वाहत होतें, तें बोलूं लागतें.

निरोगी रोहिणीचा आवाज तीन पदरी असतो. हृदयाच्या ठोक्याबरोबर एक जोरदार उसळी, लगेच क्षणभर मागें सरकल्याचा लहान आवाज, आणि पुन्हां पुढें जाण्याची हलकी चाहूल. वाट अरुंद झाली कीं हे पदर एकेक करून गळतात, आणि शेवटीं खालीं उरते ती एकसुरी, मंद फुंकर. अनुभवी कान या फुंकरीवरूनच पुष्कळ कांहीं ओळखतो.

आतां प्रत्यक्ष परीक्षा कशी करतात तें सांगतों. तीत सुई टोंचणें नाहीं, औषध नाहीं, क्ष-किरण नाहींत. रोग्यास दहा मिनिटें स्वस्थ उताणें निजवितात. दोन्ही दंडांस व दोन्ही घोट्यांच्या वर रक्तदाब मोजण्याचा पट्टा आळीपाळीनें बांधतात. नाडीवर थोडें बुळबुळीत मलम लावून शलाका टेंकवितात, आवाज सांपडला कीं पट्टा फुगवून तो बंद करतात, आणि हवा हळूहळू सोडतांना ज्या दाबास आवाज परत येतो तो टिपून ठेवतात. दोन दंडांपैकीं अधिक असेल तो आंकडा घ्यावयाचा. प्रत्येक पायाच्या दोन नाड्यांपैकीं अधिक असेल तो घ्यावयाचा. आणि घोट्याच्या आंकड्यास दंडाच्या आंकड्यानें भागावयाचें. दंडाचा दाब १४० व घोट्याचा ८४ असेल तर भागाकार ०.६० येतो. १.०० ते १.४० हा भागाकार समाधानकारक, ०.९१ ते ०.९९ हा सीमेवरचा, आणि ०.९० किंवा त्याहून कमी हा रोहिणी अरुंद झाल्याचा निदर्शक मानतात. ०.४० च्या खालीं गेल्यास दुखणें गंभीर समजावें.

तात्यांच्या घरच्या मंडळींनीं अखेर त्यांस दाखविलें, आणि ही परीक्षा झाली. दंडाचा दाब १४०, उजव्या घोट्याचा २०६, भागाकार १.४७. जेथें परीक्षा झाली तेथें सांगण्यांत आलें कीं, आंकडा एकाच्या वर आहे, रक्त उत्तम चाललें आहे, जखमेस मलमपट्टी करा. घरांत सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. त्या निःश्वासांत आठ दिवस गेले आणि काळेपणा करंगळीवरून पावलाकडे सरकूं लागला. मग कोणी सुचविल्यावरून एका वृद्ध शस्त्रवैद्यांकडे त्यांस नेलें. त्यांनीं अहवाल वाचला, पावलास हात लावला आणि म्हणाले, "तात्यासाहेब, हा आंकडा रक्ताचा नाहीं, भिंतीचा आहे."

या एका वाक्याचा अर्थ प्रत्येक मधुमेह्याच्या घरीं ठाऊक असावा अशी आमची इच्छा आहे. दीर्घकाळच्या मधुमेहांत, तसेंच मूत्रपिंडांच्या जुन्या विकारांत, रोहिणींच्या भिंतीच्या मधल्या थरांत चुना बसतो. जर्मन वैद्य म्योंकेबर्ग यांनीं हा प्रकार १९०३ सालीं वर्णिला. अशी नळी पट्ट्यानें दाबली जात नाहीं. म्हणून दाब खोटाच मोठा दिसतो. १.४० च्या वरचा भागाकार हें शुभचिन्ह नसून "या मापानें येथें निर्णय होत नाहीं" अशी ती सूचना असते. इतकेंच नव्हे, वाट अरुंद व भिंत कठीण अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर भागाकार फसवा असूनही सामान्य मर्यादेंत पडूं शकतो. म्हणूनच केवळ आंकड्यावर न विसंबतां आवाज ऐकावा लागतो. बोटांतील बारीक रोहिणी या चुन्यापासून बहुधा वांचलेल्या असतात. त्या वैद्यांनीं प्रथम शलाकेनें आवाज ऐकला. तो एकसुरी फुंकरीचा निघाला. मग अंगठ्याभोंवतीं लहानसा पट्टा बांधून दाब मोजला. तो २८ आला. ३० च्या खालीं अंगठ्याचा दाब गेला असतां जखम आपोआप भरण्याची आशा फारच थोडी उरते.

त्याच दिवशीं पायाच्या रोहिणींची चित्ररूप डॉप्लर परीक्षा झाली. तीत वाहिनीचें चित्र व आंतील प्रवाह एकाच वेळीं पडद्यावर दिसतात. त्यांत तांबडा व निळा रंग पाहून पुष्कळांस वाटतें कीं तांबडें तें शुद्ध रक्त व निळें तें अशुद्ध. तसें नाहीं. बहुधा शलाकेकडे येणारा प्रवाह तांबडा व दूर जाणारा निळा दाखविण्याचा तो केवळ संकेत आहे. तात्यांच्या मांडींतील रोहिणी एके ठिकाणीं जवळजवळ बंद झाली होती. तारेवरून लहान फुगा नेऊन ती उघडण्यांत आली. करंगळी काढावी लागली, पाऊल वांचलें. आणखी कांहीं दिवस गेले असते तर गुडघ्याखालचा पाय गेला असता, असें वैद्यांनीं स्पष्ट सांगितलें. तात्या आतां काठी घेऊन सकाळीं फिरतात. नातसून एकदां म्हणाली, "मीं तेव्हां पुन्हां म्हणायला हवें होतें." त्यावर तात्या म्हणाले, "तूं म्हणालीस, बाळ. ऐकलें नाहीं तें आम्हीं."

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आपल्या देशांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचें आढळलें. तेव्हां तात्यांसारखे पाय आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आहेत. मधुमेह्यानें वर्षांतून निदान एकदां वैद्याकडून पाय तपासवून घ्यावे व नाडी हातास न लागल्यास ही ध्वनिपरीक्षा मागावी. चालतांना पोटरी धरणारे, तंबाखूचे जुने भक्त, आणि ज्यांच्या पायाची जखम दोन आठवड्यांत भरण्याच्या मार्गास लागत नाहीं असे सर्व, यांनीं ती करून घ्यावी. पायाच्या सुजेसाठीं किंवा फुगलेल्या शिरांसाठीं घट्ट मोजे व पट्टे वापरण्याचा सल्ला मिळाला असेल, तर आधीं पायांत रक्त नीट येतें कीं नाहीं हें पाहून घ्यावें. ज्या पायास मुळांतच रक्त थोडें, तो आवळल्यास अनर्थ होतो. ज्यांच्या पायांच्या रोहिणी अरुंद झाल्या, त्यांच्या हृदयाच्या व मेंदूच्या रोहिणींविषयींही निश्चिंत राहतां येत नाहीं. म्हणून परीक्षेंत दोष निघाला तर तंबाखू सोडणें, नियमानें चालणें, आणि रक्तदाब, साखर व चरबी ताब्यांत ठेवणारीं औषधें हीं केवळ पायासाठीं नव्हे, जिवासाठीं आहेत. उलटपक्षीं, ज्यांस कसलीच तक्रार नाहीं व वरील कोणतेंही कारण नाहीं, अशा घरांतील सर्व मंडळींस रांगेनें या परीक्षेस नेण्याचें कारण नाहीं.

घरीं पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. बधिर पाय गरम पाण्यांत बुडवूं नयेत, रबरी पिशवीनें शेकूं नयेत. कढत कळत नाहीं आणि कातडी भाजते. कुरूप घरच्या पात्यानें कापूं नये. चैत्र-वैशाखांतील तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालण्याचा आग्रह मधुमेह्यानें सोडावा. देव तेवढें समजून घेईल. रात्रीं निजण्यापूर्वीं पाऊल, बोटांच्या बेचक्या व टांच पाहावी. वांकवत नसेल तर आरसा धरावा, किंवा नातवंडांस पाहावयास सांगावें. आणि एखादा पाय एकाएकीं थंडगार, पांढरा पडून ठणकूं लागला, तर सकाळची वाट पाहूं नये. तेव्हां तासांचा हिशेब असतो.

पुढच्या सणास आपण वडिलांच्या पायां पडाल तेव्हां दोन्ही पावलांवर हात क्षणभर अधिक ठेवा, एवढीच आमची विनंति आहे. एक पाऊल दुसऱ्याहून गार लागलें तर तसें मोठ्यानें म्हणा; आणि घरांत कोणी असें म्हणालें तर, तें अगदीं कालपरवां लग्न होऊन आलेल्या मुलीचें बोलणें असलें तरी, विषय मोज्यांवर संपवूं नका.